कोणाकडे आलात?

बोदलकसा हे तिरोडा तालुक्यातले, तलावासाठी ओळखले जाणारे ठिकाण. सभोवती टेकड्या आणि रान. हिवाळ्यात पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. या भागात परका माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला : कोणाकडे आलात? त्यात आतिथ्य आहे आणि पहाराही. पोस्टमन, बोहारीण, अगदी अलीकडचा पार्सलवाला तरुण, साऱ्यांना याचे उत्तर देऊनच गावात शिरावे लागले. ड्रोनला मात्र तो विचारता येत नाही.

पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०२१मध्ये जव्हारहून झाप या गावी कोविड लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने पोचवण्यात आल्या. चाळीस मिनिटांची वाट नऊएक मिनिटांत सरली, असे तेव्हा सांगितले गेले. पावसाळ्यात ओढ्याने अडवलेल्या गावात सर्पदंशावरचे औषध असे आले, तर नको कोण म्हणेल? पण औषधाने उघडलेल्या वाटेने उद्या चपलांचे जोड आणि मोबाइलची कव्हरेही येतील, आणि गरज व सोय आपण एकाच तराजूत घालू, ही माझी धास्ती आहे.

गावकऱ्यांच्या भयाला हसणे सोपे असते. २०२४च्या जून-जुलैत पुणे, बीड, जालना जिल्ह्यांतल्या अनेक गावांवर रात्री ड्रोन दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या. लोकांनी रात्री जागून काढल्या, विषय विधिमंडळात गेला. चोर टेहळणी करतात ही समजूत खरी की खोटी, हे त्या घटकेला गौणच होते. वर फिरते आहे ते कोणाचे, हे सांगणारे जवळ कोणी नव्हते.

आपल्याकडे आडोसा बाजूंनी करतात, वरून नाही. खेड्यातल्या कितीतरी न्हाण्यांना आजही छप्पर नसते, कारण वर आभाळ आहे आणि आभाळ पाहत नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा. आपल्या वाङ्मयातही आभाळ येते ते बहुधा छत्र होऊन. पाळत ठेवणारे आभाळ शिकवताना कोणते उदाहरण द्यावे, हे मला सुचत नाही.

२०२१च्या ड्रोन नियमांनुसार ‘हिरव्या’ क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलाविषयी बोलण्याचा अधिकार दिला. घरावरच्या आभाळाविषयी तिला कोण विचारतो? निदान उड्डाणाची वेळ, वाट, जबाबदार माणसाचे नाव आणि कॅमेरा आहे की नाही, एवढे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आदल्या दिवशी लिहिले जावे. न्हाणीत जाणाऱ्या बाईला ते वाचता येत नसेल, तर दवंडी द्यावी.