सूडाच्या गोष्टीतली जमीन

'दोरोरो' या जपानी अॅनिमे मालिकेचा सहावा भाग 11 फेब्रुवारी 2019 रोजी प्रसारित झाला. त्यात एक पडकं देऊळ जळतं. लढायांनी अनाथ केलेली पोरं तिथे आसऱ्याला होती आणि मिओ नावाची मुलगी त्यांचं पोट भरत होती. रात्री दोन्ही बाजूंच्या छावण्यांत जाऊन, सैनिकांना देह विकून ती धान्य आणायची. सामुराई येतात आणि तिच्यासकट सगळ्या पोरांना कापून काढतात. मालिकेचा नायक ह्याक्कीमारू पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. ऐकू येणं आणि आवाज या दोन्ही गोष्टी त्याला नुकत्याच मिळालेल्या असतात, आणि त्या नव्या आवाजात तो मिओचं नाव उच्चारतो. मग समोर येईल त्या सैनिकाला कापत सुटतो. त्याच्यासोबत फिरणारं लहानगं दोरोरो त्याला मिठी मारून थांबवतं आणि मिओची एक छोटी पिशवी त्याच्यापुढे धरतं. पिशवीत भाताचं बियाणं असतं. कधीतरी आपलं शेत करायचं, ते सोन्यासारखं पिकलेलं पाहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पुण्याजवळच्या मुळशीत वाढलेल्या माणसाला ही पिशवी फार काही समजावून सांगावी लागणार नाही. पौडपासून ताम्हिणीपर्यंत पावसाळ्याआधी राब भाजले जातात. पालापाचोळा, शेण, गवत वाफ्यावर पसरून जाळायचं, त्या भाजलेल्या जमिनीत बी फेकायचं, पहिल्या सरी आल्या की हिरवंगार रोप तरारतं. मग चिखलणी, मग खाचरात वाकून लावणी. मुळशी-मावळाचा आंबेमोहर शिजायला लागला की शेजारच्या घराला कळतं. वर्षभर खाल्लं तरी पुढच्या मोसमाचं बी बाजूला काढून ठेवायचं, ही इथली जुनी शिस्त. हलाखीतसुद्धा बी खाऊन टाकायचं नसतं. मिओ नेमकं हेच करत होती.

ओसामु तेझुका यांनी 'दोरोरो' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1967 मध्ये साप्ताहिकात सुरू केली. दाइगो नावाचा सरदार सत्तेच्या हव्यासापायी 48 राक्षसांशी करार करतो आणि बदल्यात जन्माला येणाऱ्या मुलाच्या शरीराचे 48 भाग देऊन टाकतो. डोळे, कान, हातपाय नसलेलं ते मूल, म्हणजेच ह्याक्कीमारू, नदीत सोडलं जातं, वाचतं, आणि एकेक राक्षस मारून आपलं एकेक अंग परत मिळवत फिरतं. 1969 मध्ये तेझुकांच्याच मुशी प्रॉडक्शनने त्याची 26 भागांची कृष्णधवल मालिका काढली. पन्नास वर्षांनी मप्पा आणि तेझुका प्रॉडक्शन यांनी 24 भागांत तीच गोष्ट पुन्हा सांगितली. दिग्दर्शन काझुहिरो फुरुहाशी यांचं, मालिकेची पटकथा यासुको कोबायाशी यांची.

कोबायाशींनी केलेले बदल धाडसाचे आहेत. मांगातला ह्याक्कीमारू मनाच्या शक्तीने ऐकतो, बोलतो, चिडवतो, थट्टा करतो. नव्या मालिकेत तो सुरुवातीला मुका, बहिरा, आंधळा आहे. जिवांच्या ज्योतींचे रंग तेवढे त्याला दिसतात. मांगात मिओची कहाणी तो दोरोरोला जुनी आठवण म्हणून सांगतो. मालिकेत ती प्रेक्षकासमोर, दोरोरोच्या डोळ्यांदेखत घडते. त्यामुळे सूड उसळतो त्या क्षणी त्याला अडवणारं कोणीतरी जवळ असतं. राक्षसांची संख्याही 48 वरून 12 वर आली आहे, म्हणजे प्रत्येक अवयवाला स्वतःची गोष्ट मिळायला जागा झाली.

सगळ्यांत मोठा बदल मात्र दाइगोच्या हेतूत आहे. 2019 च्या दाइगोचा मुलूख दुष्काळाने आणि रोगराईने पोखरलेला आहे. करार होतो, पाऊस पडतो, शेतं पिकतात, माणसं सुखाने जगू लागतात. ह्याक्कीमारूला एक अंग परत मिळालं की त्या मुलखातलं काहीतरी करपतं. आता सूड घेणाऱ्याचा न्याय आणि हजारोंचं पोट समोरासमोर उभं राहतं. दाइगोचे लोक त्याला विचारू शकतात, तुझ्या एकट्याच्या हातापायांसाठी आम्ही का मरायचं? मूळ मांगाहून ही मालिका जास्त खोल जाते, असं म्हणायला हरकत नाही, आणि ती खोली जमिनीने दिली आहे.

हाच सवाल मुळशीला शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. सुमारे 50 गावं बाधित होणार होती. एप्रिल 1921 मध्ये सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याच्या पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. मावळे चिरडले जात असताना बापट अहिंसेच्या चौकटीत मावले नाहीत. 1924 च्या अखेरीस त्यांनी मजुरांची रेल्वेगाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यातली बोचणारी गोष्ट अशी की मोबदल्याचा मोठा वाटा पुण्याच्या सावकारांकडे गेला. कूळ म्हणून राबणाऱ्यांच्या पदरी फारसं काही पडलं नाही. 1927 पासून मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. दाइगोच्या करारात निदान त्याचाच मुलूख पिकला. मुळशीची खाचरं बुडाली आणि दिवे मुंबईत लागले.

जमीन दुसऱ्यांदा गेली ती खरेदीखतांतून. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातलंच. त्याच्या मागोमाग एजंट, इसार, गुंठ्यांचे भाव, फार्महाऊसची कुंपणं आली. या काळावर प्रवीण तरडे यांनी लिहून दिग्दर्शित केलेला 'मुळशी पॅटर्न' नोव्हेंबर 2018 मध्ये आला. मोहन जोशींचा सखा पाटील जमीन विकतो, पैसा उडतो आणि ज्या मातीचा तो मालक होता तिथेच राखणदारी करायची वेळ येते. तिथूनही हाकलला गेल्यावर कुटुंब पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला लागतं. सखाचा मुलगा, ओम भूतकर यांचा राहुल, हातात कोयता घेतो तो या अपमानातून. चित्रपट भडक आहे, गाणी गाजली, पोरांनी पोझ उचलल्या. तरी राहुलच्या प्रत्येक वारामागे विकलेला सातबारा दिसत राहतो. हीच त्याची ताकद.

तीन वर्षांनी, 26 नोव्हेंबर 2021 ला, महेश मांजरेकरांनी त्याचं हिंदी रूप 'अंतिम' आणलं. मांजरेकरांनी मूळ चित्रपटात भूमिका केली होती आणि मराठीत इन्स्पेक्टर झालेले उपेंद्र लिमये इथे गुंड नान्या भाई झाले, म्हणजे मूळ ऐवज माहीत नव्हता असं नाही. वडिलांच्या भूमिकेत सचिन खेडेकर मनापासून उभे राहतात. पण सलमान खान यांचा पोलीस अधिकारी राजवीर सिंग पडद्यावर आला की सगळा तोल पोलीस विरुद्ध गुंड या झुंजीकडे जातो. आयुष शर्मांच्या राहुलचा राग खरा वाटतो, त्या रागाखालची माती मात्र पातळ होत जाते. विकलेली जमीन सुरुवातीचं कारण म्हणून येते आणि पुढे मारामारीच्या धुळीत मागे पडते. कोबायाशींनी सूडाच्या गोष्टीत जमीन आत आणली, 'अंतिम'ने ती बाहेर ढकलली. रूपांतर मुळाशी किती प्रामाणिक आहे हे संवाद जुळतात का यावर ठरत नसतं. पहिल्या लेखकाला जे दुखलं ते दुसऱ्याला दुखलं का, यावर ठरतं.

1921 चा मुळशी सत्याग्रह चित्रकथेत किंवा अॅनिमेशनमध्ये उतरवण्याजोगा आहे. त्यात राग आहे, फितुरी आहे, तुरुंग आहे, हरलेली लढाई आहे. मराठीत आज उत्तम रेखाटणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे काम हाती घेणार असेल, तर आधी व्होरांचं पुस्तक वाचावं आणि आषाढात लावणीच्या दिवसांत पौडच्या पुढे जाऊन चार दिवस खाचरात उभं राहावं.