कोर्टाची पायरी वेगळी, वकिलाची पायरी वेगळी

१८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. चाळीस वर्षांहून जास्त काळ आपली वकील मंडळी त्यासाठी भांडली. सहा जिल्ह्यांतल्या माणसांची मुंबईवारी वाचली. चांगलंच झालं.

पण तेव्हापासून आमच्या मंगळवार पेठेत चहाच्या गाड्यावर एक वाक्य सारखं कानावर येतंय. "आता काय, हायकोर्टच दारात आलंय, खेचतो त्याला!" हे ऐकलं की मला आमच्या घरातला एक कागद आठवतो. आज त्याची गोष्ट सांगतो. नावं घेत नाही, सगळी आपलीच माणसं आहेत.

पेठेतलं आमचं जुनं घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतनं घेतलेलं. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आजी आधीच गेलेली. मागं वडील, काका आणि इचलकरंजीला दिलेली आत्या. आजोबांच्या तेराव्याला पाहुणे जमले होते, तेव्हा मोठ्यांनी ठरवलं, घराचं आत्ताच मिटवून टाकू. स्टॅम्प पेपर आदल्या दिवशी मीच आणला होता. 'माझा हक्क राजीखुशीनं सोडला' असं कुणीतरी लिहिलं आणि आत्यानं सही केली. तिला कुणी वाचूनही दाखवलं नाही.

वकिलाला विचारूया का, असं मी म्हणालो होतो. वडील म्हणाले, "घरातल्या गोष्टीत वकील कशाला? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

पुढं बऱ्याच वर्षांनी घर पाडून बांधायचं ठरलं. बांधणाऱ्याच्या वकिलानं कागद बघितला आणि बाजूला ठेवला. घरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. आमचं नुसतं कपाटात ठेवलेलं. म्हणजे हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणं आत्याचा तिसरा हिस्सा जागच्या जागी होता!

तेव्हा तरी इचलकरंजीला जाऊन तिच्यापुढं बसायचं की नाही? आम्ही वकिलाची नोटीस पाठवली. तिकडनं वाटपाचा दावा आला. सहा वर्षं कसबा बावड्याच्या कोर्टात तारखा. वडील त्यातच गेले. आत्या भावाच्या मातीला आली, पण घरात पाऊल न टाकता परत गेली.

शेवटी कोर्टानं प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्ये तशी सोय आहे. मला वाटलं होतं, तालमीतल्या पंचांसारखं कुणीतरी बसून निकाल सांगणार. तसं नसतं. मध्यस्थ निकाल देत नाही. दोन्ही बाजूंशी एकत्र बोलतो, वेगवेगळं बोलतो. तिथलं बोलणं पुढं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळं माणसं मोकळी बोलतात. जमलं तर कागद होतो, नाही जमलं तर दावा होता तिथनं पुढं चालतो.

आमचं तिसऱ्या बैठकीत जमलं. आत्याला तिच्या हिश्श्याचे पैसे दोन हप्त्यांत द्यायचे. सह्या झाल्यावर बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "मी तेव्हा हिस्सा सोडलाच असता रे. पण बापाचा फोटो समोर असताना, पानं वाढायच्या आधी सही घेतलासा. आणि स्टॅम्प तू आणलास." यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

यातनं मला जे कळलं ते सांगतो. कोर्टाची पायरी चढू नये म्हणून आपण वकिलाचीही पायरी टाळतो, आणि तिथंच चुकतो. वकील भांडायलाच लागतो असं नाही. सही करायच्या आधी तासभर सल्ला घ्यायला तो सगळ्यात जास्त उपयोगी. आणि मध्यस्थाकडं जाण्याआधीही आपला हक्क किती ते वकिलाकडनं समजून घ्या. मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो, तुमचा हिस्सा मोजून देणं त्याचं काम नाही. हक्क माहीत नसताना केलेला समेट म्हणजे आमच्या तेराव्याचाच कागद.

भाऊबंदकी, भाडेकरू, शेजाऱ्याची भिंत, भागीदारी, जिथं उद्याही एकमेकांचं तोंड बघायचंय, तिथं मध्यस्थी आधी करून बघा. पण समोरचा जागा गुपचूप विकायला निघाला असेल तर चर्चेत वेळ घालवू नका, वकिलाकडनं मनाई हुकूम मागा. दाव्याची मुदत संपत आली असेल तरी आधी वकील. घरात मारहाण असेल तर बाईला 'समजुतीनं घे' म्हणत बैठकीला बसवू नका, आधी तिला संरक्षण मिळू दे. आणि तडजोडीवर झालेल्या हुकूमनाम्यावर नेहमीसारखं अपील नसतं, म्हणून सहीआधी प्रत्येक अट वकिलाला दाखवा.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, नाहीतर १५१०० ला फोन लावायचा. हे आत्याला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. आम्ही तर सांगणारच नव्हतो.

आणि घर वडिलोपार्जित असलं तरी मुलीचा हक्क आहेच. २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय.

तेव्हा पेठेतल्या भावांनो, घरात वाटणीचा विषय निघाला तर स्टॅम्प पेपर आणायच्या आधी बहिणीला तिच्या स्वतःच्या वकिलाकडं जाऊन येऊ द्या. तुमच्या नाही, तिच्या. परत येऊन ती हक्क सोडते म्हणाली, तर त्या सहीला अर्थ आहे. नाही म्हणाली, तर हिस्सा द्या. सहा वर्षांच्या तारखांपेक्षा तो स्वस्तच पडतो.