जिंतूरचा माळ, येलदरीचा काठ

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही आणि थंड हवेचे ठिकाणही नाही. त्यामुळे सुट्ट्या लागल्या की आमच्याकडची कुटुंबे नातेवाइकांकडे जातात, नाहीतर पैसे साठवून महाबळेश्वर गाठतात. एवढा प्रवास झेपत नाही म्हणून घरची म्हातारी माणसे मागेच राहतात. जिंतूर तालुक्यात मात्र एका दिवसात, एसटीच्या तिकिटात, माळ आणि पाणी दोन्ही पायी पाहता येते. गेल्या दोन हिवाळ्यांत आम्ही घरचे सातजण तिथे चार वेळा जाऊन आलो. त्यात सत्तरीच्या दादी होत्या आणि आठ वर्षांची धाकटीही.

परभणीहून जिंतूर सुमारे 40 किलोमीटर. बोरी मागे पडेपर्यंत काळी सपाट जमीन, कापूस आणि तूर. पुढे जमीन उठू लागते, काळी माती संपून तांबूस मुरूम उघडा पडतो. शहरापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची टेकडी आहे. तिच्या पोटात जैन लेणी आहेत. दारे इतकी ठेंगणी की मोठ्यांनाही वाकूनच आत जावे लागते आणि आत मूर्ती मात्र भव्य. ते लोकांच्या श्रद्धेचे ठिकाण आहे, म्हणून चपला बाहेर काढून, मुलांना गप्प करून आम्ही पाहून आलो.

खरी मजा टेकड्यांच्या माळावर. या जमिनीला लोक पडीक म्हणतात, पण मेंढपाळाला विचारून पाहा. पावसाळा सरला की इथे गुडघाभर गवत पिवळे पडते, मधूनमधून तरवडाची पिवळी फुले, बोरीची झुडपे, सीताफळे. टिटवी आधी ओरडते, मग दिसते. चंडोल उभाच्या उभा आकाशात चढतो आणि गात राहतो. धाकटीने त्याला वर जाताना पाहिले आणि तो खाली येईपर्यंत जागची हलली नाही. एक सूचना बायकांसाठी: कुसळे सलवारीत आणि बुरख्याच्या घेरात अशी घुसतात की घरी येऊन तासभर वेचावी लागतात. जाड तळाचे बूट घाला, सराटे चपलेला जुमानत नाहीत.

जिंतूरहून येलदरी पंधराएक किलोमीटर. पूर्णा नदीवरचे हे धरण 1958 ते 1968 या काळात बांधले गेले. पायथ्याशी 22.5 मेगावॅटचे वीजघर आहे आणि परभणी शहराचे पिण्याचे पाणीही इथूनच येते. पलीकडचा काठ हिंगोली जिल्ह्यात. 1 मे 1999 पूर्वी तोही परभणीचाच होता. भिंतीकडे न जाता जलाशयाच्या काठाने चालावे. तिथे पाणी इतके पसरलेले आहे की वारा असला तर लाटा दगडांवर आपटतात. थंडीत चक्रवाक बदकांच्या नारिंगी जोड्या दिसतात.

पहिल्याच खेपेला दादी काठावर थांबल्या आणि समोरच्या टेकडीचा अंदाज घेत बोटाने पाण्यावर काहीतरी मोजू लागल्या. त्यांचे माहेर धरणात उठलेल्या गावांपैकी एक. "हे वेशीचं, हे विहिरीचं, आणि तिकडे कबरस्तान," त्या म्हणाल्या. त्यांच्या आजोबांची कबर तिथे आहे. बाकीचे गाव नव्या जागी गेले, कबरी राहिल्या. धरण झाल्यापासून त्या इथे कधीच आल्या नव्हत्या. लग्न, मुले, घर, आणि येऊन पाहायचे तरी काय, पाणीच. त्यांनी हात उचलून फातिहा पढली. आमच्या अब्बांनाही ही गोष्ट तेव्हाच कळली. दुखऱ्या गुडघ्यांनी दादी त्या दिवशी काठाने जवळजवळ दोन किलोमीटर चालल्या, तीनदा बसून.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दिवाळीची सुट्टी ते फेब्रुवारी हाच काळ चांगला. जिंतूरहून एसटी किंवा काळीपिवळी मिळते, पण मगरिबच्या आत परतीची गाडी धरा. माणशी दोन लिटर पाणी आणि जेवण बरोबर घ्या. जोहर काठाजवळच्या एखाद्या बाभळीखाली अदा करता येते. वजूसाठी पाण्यात उतरू नका, बाटलीचे पाणी वापरा. काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. मुलांचा हात सोडू नका. पोहण्याचा तर विचारही नको. धरणाखालच्या पात्रातही उतरू नये, वीजघर सुरू झाले की पाणी बघता बघता वाढते.

उन्हाळ्यात मुळीच जाऊ नये, असेच आम्ही सगळ्यांना सांगतो. पण मे महिन्यात पाणी खूप उतरले की जुन्या भिंतींचे दगड उघडे पडतात, असे दादींनी कोणाकडून तरी ऐकले आहे. आम्ही उन्हाचे कारण पुढे केले. फजर पढून लगेच निघायचे, काठावर तासभर थांबायचे आणि ऊन चढायच्या आत गाडीत बसायचे, असा हिशेब त्यांनी मांडून ठेवला आहे.