झाडू आपल्या हातात, झाडूचं बिल कुणाच्या हातात?

एमआयडीसी म्हटलं की आपल्या पोरांना एकच माणूस आठवतो : गेटवरचा ठेकेदार. मी स्वतः जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात दोन वर्षं ठेकेदारीवर बारा तासांची पाळी केली आहे. जळगावची चटई, पाइप आणि डाळ देशभर जाते. मशीनवर, गोदामात, गाडी भरायला आपली माणसं असायची. मालकाच्या खुर्चीत मात्र आपलं माणूस मला एकदाही दिसलं नाही.

हे नशीब नाही, धोरण आहे. 1961 च्या कायद्यानुसार 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ उभं राहिलं. सरकारने जमीन संपादित केली, रस्ते केले, पाणी आणलं आणि 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले. जळगाव असो, धुळ्याचं अवधान असो की शिंदखेडा तालुक्यातलं नरडाणा, या वसाहती सार्वजनिक पैशावर उभ्या आहेत. मदत आजही सुरू आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते. तिथे उद्योजकांच्या संघटना रस्ते, पथदिवे, गटारी मागतात. एमआयडीसी आणि महापालिका असा दोघांचा भार पडतो म्हणून कराची तक्रार करतात. माझा त्याला विरोध नाही. रात्रपाळीला सायकलवर जाणाऱ्या कामगारालाही चांगला रस्ता लागतोच. प्रश्न एवढाच की, त्या बैठकीत आपल्या बाजूने बोलायला कोण असतं?

कागदावर आपल्यासाठी बरंच काही आहे. राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. 2016 मध्ये आलेल्या स्टँड अप इंडियाने प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या उद्योजकाला 10 लाख ते 1 कोटीपर्यंत कर्ज द्यावं असं सांगितलं. त्याला जोडून राज्याची मार्जिन मनी योजना आहे : 10 टक्के आपले, 15 टक्के राज्याचे, 75 टक्के बँकेचे. म्हणजे 20 लाखांच्या प्रकल्पाला स्वतःचे 2 लाख, सरकारचे 3 लाख, बँकेचे 15 लाख. हिशेब सोपा वाटतो. पण सरकारचा वाटा बँकेने होकार दिल्यावरच हलतो, आणि बँकेच्या दारात पहिला प्रश्न येतो, तारण काय? ज्यांच्या आजोबाकडे सातबारा नव्हता, त्यांचा नातू तारण कुठून आणणार? भूखंड मिळाला तरी मुदतीत बांधकाम करावं लागतं. पैसा नसेल तर नाव आपलं आणि धंदा दुसऱ्याचा, हीच वाट उरते.

समजा कारखाना निघाला. माल घेणार कोण? इथे महापालिका येते. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका 2003 पासून आहेत. त्या झाडू, हातमोजे, गमबूट, पाइप, रंग घेतात. शहर झाडणारी बहुसंख्य माणसं कोणत्या समाजांतली आहेत, हे मी सांगायला नको. झाडू त्यांच्या हातात, पण झाडूचं बिल त्यांच्या हातात नाही. टेंडरमध्ये मागच्या वर्षांची उलाढाल, अनुभव आणि बयाणा रक्कम मागितली की नवा माणूस दारातच थांबतो.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायच्या मालात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी एकूण खरेदीच्या 4 टक्के हिस्सा ठरवला आहे, लहान उद्योगांना बयाण्यातून सूट आहे. ते केंद्राची मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी आहे. तोच न्याय आपल्या महापालिकेने ठराव करून लावावा, अशी मागणी आपण का करू नये?

काही साथी म्हणतील, 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटलं. मग आपण मालक घडवायचे का? साथींनो, 1918 च्या शेतजमिनीच्या तुकड्यांवरील निबंधात त्याच बाबासाहेबांनी शेतीवरचा माणसांचा बोजा उतरवायला औद्योगिकीकरण हा उपाय सांगितला होता. या दोन्ही गोष्टी सोबत वाचल्या पाहिजेत. मला चार नवे शेठ नकोत. सफाई कामगारांच्या घरातल्या बायांची सहकारी संस्था हातमोजे शिवेल आणि महापालिका ते घेईल, एवढं मला हवं आहे. आणि तिथल्या कामगारालाही किमान वेतन मिळालंच पाहिजे, मालक आपला असला तरी.

म्हणून तीन कामं. पहिलं, माहिती अधिकारात एमआयडीसीला विचारा : आपल्या वसाहतीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना किती भूखंड दिले आणि त्यांपैकी किती सुरू आहेत? दुसरं, महापालिकेकडून तीन वर्षांची साहित्य खरेदीची यादी मागा, पुरवठादारांच्या नावांसह. तिसरं, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या नगरसेवकाला सभागृहात खरेदीचा ठराव मांडशील का, एवढंच विचारा.

31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण भीमस्मृती यात्रेला जमतोच. या वेळी येताना फुलांबरोबर ही उत्तरंही घेऊन या. तिथे बसून ती वाचू, मग ठरवू कुणाच्या दारात जायचं.

जयभीम.