नेमणुकीचें पत्र

ज्या घराण्यांत एखादें दुकान, छापखाना अथवा लहानसा कारखाना चालतो, तेथें कायद्याच्या बातम्या हल्लीं बाजारभावाइतक्याच आस्थेनें वाचल्या जातात. त्यास कारणही तसेंच आहे. कामगारविषयक २९ केंद्रीय कायदे एकत्र करून ज्या चार संहिता सिद्ध झाल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आल्या. त्यांपैकीं वेतन संहिता २०१९ सालची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणचें आरोग्य व सुरक्षितता यांविषयींच्या उरलेल्या तीन २०२० सालच्या.

यांतील कांहीं कलमें धन्यास जड वाटतील अशीं आहेत. मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकीची रक्कम भत्त्यांत दाखविण्याची जी रूढि पडली होती, तीस आतां मर्यादा आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर तो अधिक भाग वेतनांतच धरिला जातो, आणि ग्रॅच्युइटीचा आंकडा त्या मानानें वाढतो. नोकर काम सोडून गेला अथवा त्यास काढून टाकिलें, तर कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचें वेतन चुकतें करावें लागतें. उलटपक्षीं, कामगारकपातीपूर्वीं सरकारची परवानगी घेण्याचें बंधन पूर्वीं १०० कामगारांच्या कारखान्यास होतें, तें आतां ३०० वर गेलें आहे. कामगारसंघांचा ह्यावर रोष आहे, आणि तो अनाठायीं नाहीं.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी तरतूद. जेथें दहा किंवा अधिक कामगार आहेत, तेथें प्रत्येकास नेमणुकीचें लेखी पत्र दिलें पाहिजे. जुन्या माणसांस तें मिळालें नसल्यास, संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत द्यावें, असें कायदा सांगतो.

ह्यावरून आमच्याच घरांत वाद माजला. आमच्या धाकट्या बंधूंचा छापखाना आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, यंत्रावरचा जो माणूस बावीस वर्षें आपल्या पंक्तीला जेवला, त्याच्या हातांत कागद देणें म्हणजे नात्याचा व्यवहार करणें होय. हें बोलणें प्रेमाचें होतें, ह्यांत शंका नाहीं. तथापि आपल्या पूर्वजांनीं केवळ प्रेमावर भिस्त ठेविली नव्हती. कर्मकराचा धन्याशीं झालेला करार शेजाऱ्यांस ठाऊक असावा, वेतन ठरल्याप्रमाणें आणि न ठरल्यास काम व काळ पाहून द्यावें, न देणाऱ्यास दंड करावा, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. दोघांतला करार तिसऱ्यास कळला पाहिजे, हें तत्त्व जुनेंच. तेव्हां शेजारी साक्षी होता, आतां कागद आहे.

कागद नसल्याचें फळ आम्हीं स्वतः भोगलें आहे. तरुणपणीं एका खासगी शाळेंत आम्हीं चिटणीसांच्या तोंडी शब्दावर दोन वर्षें शिकविलें. गृहस्थ सत्यवचनी होते. परंतु ते वारले, नवे चिटणीस आले, आणि दप्तरांत आमचें नांव सांपडेना. तीं दोन वर्षें निवृत्तिवेतनाच्या हिशेबांत कधींच आलीं नाहींत.

म्हणून आम्हीं बंधूंस म्हटलें, "तुझा शब्द खरा आहे, पण तो तुझ्यापुरता. उद्यां वांटण्या झाल्या, छापखाना मुलांच्या हातीं गेला, तर ह्याचीं बावीस वर्षें कोणाच्या स्मरणांतून मोजावयाचीं? घराच्या वांटणीचा कागद होतो, दागिन्यांची याद होते. माणसाच्या आयुष्याची नोंद तेवढी नको काय?" बंधु कांहीं बोलले नाहींत; परंतु त्याच आठवड्यांत सर्वांचीं पत्रें तयार झालीं. त्या जुन्या माणसानें आपलें पत्र दोनदां वाचलें, नीट घडी घालून खिशांत ठेविलें, आणि "मास्तर, ह्याची एक झेरॉक्स काढून मुलीजवळ ठेवतों," एवढेंच तो म्हणाला.

दहा माणसांची अट कायद्याची आहे. ज्यांच्या दुकानीं दोनच नोकर आहेत, अथवा ज्यांच्या घरीं स्वयंपाकाच्या बाई वर्षानुवर्षें येतात, त्यांनींही केव्हांपासून, काय ठरलें व काय दिलें हें वहींत लिहावें, आणि त्याची एक प्रत त्या माणसाच्या हातीं द्यावी. वाचकांपैकीं कोणी हें आजच्या आज केलें, तर आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.