आणखी एक घास

यांची तीन महिन्यांची साखर ९.२ आली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाकीचं औषध तुमच्या स्वयंपाकघरात आहे." मी चहातली साखर बंद केली, भात कमी केला. तरी पुढच्या तपासणीत आकडा फारसा हलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून लेकीकडे पुण्याला गेलो. तिनं हट्टानं एका 'हेल्दी' हॉटेलात नेलं. अशा ठिकाणी आम्ही पहिल्यांदाच गेलो. सगळं शाकाहारी, त्यामुळे हलालची विचारपूस करावी लागली नाही. मेनूकार्ड वाचून मात्र हसू आलं. ज्वारीची भाकरी, नाचणीचं आंबील, मोड आलेली मटकी. आणि प्रत्येकापुढे किंमत आणि कॅलरी. एका भाकरीचे ८० रुपये! "एवढ्यात आपल्याकडे किलोभर ज्वारी येते," मी लेकीच्या कानात पुटपुटले.

यांनी एक भाकरी, वाटीभर मटकी, थोडी कोशिंबीर खाल्ली आणि हात थांबवला. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "और एक लो ना." पण टेबलावर वाढायला काही उरलंच नव्हतं. हे हसून म्हणाले, "आज पोट भरल्यावर उठतोय. घरी तुझं मन भरेपर्यंत उठता येत नाही."

लेक हसली. मला हसता आलं नाही. माझ्या अब्बांचा पाय साखरेनंच गेला. त्यांनाही आम्ही प्रेमानंच वाढत होतो.

आपल्याकडे कुणी "नको" म्हटलं की ते तकल्लुफ वाटतं. ईदला साखरेचा माणूस शीरखुर्म्याची वाटी परत करू लागला, की "एक दिवसानं काय होतंय!" म्हणतो. त्या दिवशी तो दहा घरी जातो आणि दहाही घरांत हेच ऐकतो. कंबर ताठ ठेवायला चार घास पुरे, फारच झालं तर पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, अशी प्रेषितांची (स.) शिकवण तिरमिजीच्या हदीसमध्ये आहे. वर्गात मी ती दरवर्षी मुलांना सांगते. घरी मात्र श्वासाचा भागही मीच भरत होते.

भाकरी आता घरीच होते. पण खरा बदल वाढण्यात केलाय. गेल्या जुम्म्याला पाहुणे आले, तेव्हा भांडी दस्तरखानाच्या मधोमध ठेवली. ज्यानं त्यानं हवं तेवढं घ्यावं. यांनी दुसऱ्यांदा बिर्याणी घेतली नाही. माझा हात चमच्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला.

नणंदबाई म्हणाल्या, "भाभी, नाराज आहात का भाईजानवर?"

"नाही," मी म्हटलं, "काळजी घेतेय."

पुढची तपासणी जानेवारीत आहे. दुआ करा.