मे महिन्यातला आकडा

मशीन चालू होईना आणि नुसतीच ओरडायली, की आमच्या धंद्यातला पहिला इलाज खोडरबर. रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे, फुंकर मारून परत स्लॉटमध्ये दाबायची. ‘टक्’ असा आवाज आला आणि स्क्रीन उजळली की गिऱ्हाईक म्हणतं, “एवढंच होतं का भाऊ?” मी हो म्हणतो. पैसे मागायला जीभ रेटत नाही आणि ते स्वतःहून देत नाहीत.

खोडरबरच्या पुढचा नाद, रॅम लेबलच्या पुढं पळवायचा, मला नांदेडला लागला. वजिराबादेतल्या एका दुकानात रिपेअरिंगला होतो. तेव्हा असेंबल मशीन म्हणजे ठरलेलं सामान: जी३१ नाहीतर जी४१ बोर्ड, ड्युअल कोअर ई५३०० प्रोसेसर आणि डीडीआर-२ ची एक जीबीची स्टिक, लेबलवर ८००. दुकान बंद झाल्यावर शटर अर्धं ओढून मी बायोसमध्ये शिरायचो. या प्रोसेसरचा मूळ ठोका २०० मेगाहर्ट्झ आणि गुणक १३, म्हणून वेग २६००. रॅम त्याच ठोक्याला बांधलेली, चौपटीनं. ठोका २१० केला की रॅम ८०० ची ८४० होते. २२५ ला ९००, २५० ला १०००. प्रोसेसरनं आधी धापा टाकू नये म्हणून त्याचा गुणक १० वर उतरवायचा. जोडीतला कोणता बैल बसला हे कळायला एकाला आधी जुवातून सोडवावं लागतं. फार ताणलं की स्क्रीन काळी. मग बोर्डावरचा गोल सेल काढून दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

लेबलवर ६६७ लिहिलेली स्टिक ८०० ला सहसा कुरकुरत नाही. ८०० वाली ९०० पर्यंत बऱ्याचदा जाते, १००० ला मात्र चाळणी लागते. १०६६ हवं तर १.८ व्होल्टचे दोनच्या वर न्यावे लागतात, आणि आमच्या स्वस्त बोर्डांत ती सोयच नसायची. डीडीआर-३ आल्यावर हा खेळ आमच्याकडे जवळजवळ संपला. बाजारात सगळीकडे एच६१ बोर्ड. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर रॅम १३३३ च्या पुढं नाही, तिसऱ्या पिढीचा असेल तर १६०० च्या पुढं नाही. स्टिक पळायला तयार, पण फाटक बंद.

वेगाचा आकडा फसवाही असतो. डीडीआर-३ ची स्टिक १३३३ ला ९ च्या टायमिंगवर चालते, म्हणजे पहिलं उत्तर यायला साडेतेरा नॅनोसेकंद. १६०० करताना टायमिंग ११ करावं लागलं तर तेच उत्तर पावणेचौदा नॅनोसेकंदांनी येतं. म्हणजे वेग वाढवून उत्तर किंचित उशिराच मिळतं. फक्त एकदा यायला लागलं की भसाभस येतं. हे गणित कागदावर मांडलं त्या रात्री मी बराच वेळ स्वतःवरच हसलो.

तरी लेबलच्या पुढं जागा असते हे खरं. कंपनी तो आकडा सगळ्यात वाईट दिवस धरून देते: चिप तापलेली, व्होल्टेज थोडं कमी, बोर्ड कुणाचाही. चांगली चिप त्या लेबलखाली निमूट बसून राहते. डीडीआर-२ च्या काळात जगभरचे नादिष्ट लोक मायक्रॉनच्या डी९ चिपा हुडकत फिरायचे, कारण ८०० चं लेबल असूनही त्या हजाराच्या पुढं जायच्या. त्याआधी विनबॉन्डची बीएच-५ होती, अडीच व्होल्टच्या जमान्यातली. तिला तीनच्या वर व्होल्ट पाजले की ती खुलायची. माझ्या हाती डी९ ची एकच जोडी लागली, तीही भंगारातून.

पण तो वाईट दिवस आमच्याकडे दरवर्षी येतो, आणि दिवस कसला, महिनाच. रॅममधली प्रत्येक पेशी हा गळका रांजण आहे. तिच्यातला विजेचा भार झिरपत राहतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. उष्णतेनं गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या पुढं गेली तर भरण्याचा वेग दुप्पट करा असं मानकच सांगतं. वर तापलेल्या चिपमधून संकेतही उशिरा बाहेर पडतात.

हे सगळं ठाऊक असून मी फसलो तो २०१६ चा उन्हाळा. तोवर लातूरला स्वतःचं दुकान टाकलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गावात दुसरा विषय नव्हता. एका फोटो स्टुडिओवाल्यांची मशीन मी जानेवारीत १००० ला लावून दिली होती. त्यांनी सांगितलं नव्हतं, मलाच हौस. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला होता, एकही चूक नाही. मे महिन्यात ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. “भाऊ, नवरी अर्धी गुलाबी दिसायली.”

खांद्यापर्यंत नवरी ठीक, त्याखाली शालू, पाट, भटजी, सगळंच गुलाबी. जेपीईजीत एक बिट उलटला तरी तिथून पुढचे रंग सरकू शकतात. मशीन एकदाही हँग झाली नव्हती. हँग झाली असती तर बरं झालं असतं. तिनं निमूटपणे कार्डावरून फोटो घेतले, डिस्कवर चुकीचे ठेवले, आणि यांनी कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं.

दुपारी तीनला, कॅबिनेटची झाकणं लावून, मेमटेस्ट सुरू केला. चाळीस मिनिटांनी लाल ओळ उमटली. एकच बिट. पहाटे तीच मशीन, तोच वेग, आणि सगळं स्वच्छ. बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपचा हीटसिंकही हात लावू देत नव्हता, दोष तिचा तर नाही ना हे कळावं म्हणून स्टिक दुसऱ्या बोर्डात टाकून पाहिली. दुपारी तिथंही तेच. ९०० ला आणली, तेव्हा दुपारीही स्वच्छ.

अकरा फोटो गेले होते. मी म्हटलं, नुकसान सांगा, भरून देतो. ते म्हणाले, “मला द्याल. नवरीच्या आईला काय देऊ?”

आणि मिळवलं काय होतं? अल्बमची फाइल सेव्ह व्हायला घड्याळ लावून चार सेकंद कमी. त्याऐवजी आणखी एक जीबी टाकली असती तर काम खरंच हलकं झालं असतं. पण जास्तीची स्टिक कुणालाही लावता येते. १००० चा आकडा काढण्यात माझी शेखी होती.

त्यानंतर गिऱ्हाइकाच्या मशीनला लेबलच्या पुढं नेलं नाही. ती स्टिक मी बदलून परत आणली आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. खणातल्या प्रत्येक स्टिकवर आता मार्करने दोन आकडे असतात. हिच्यावर लिहिलंय, ‘जाने. १०००, मे ९००’. गेल्या मे महिन्यात तिला परत बसवलं, पंखा मुद्दाम बंद ठेवून. ९०० ला दोन तास टिकली, मग लाइट गेली.